रडारच्या वाटेत वाय-फाय

वाय-फाय राउटर सुरू केल्यावर पाच गिगाहर्ट्झचे जाळे काही वेळा मिनिटभर दिसतच नाही. उपकरण बिघडले, अशा समजुतीने अनेक जण ते बंद करून पुन्हा चालू करतात आणि प्रतीक्षा नव्याने ओढवून घेतात! वस्तुतः त्या मिनिटात राउटर आसपासच्या रडारचा कानोसा घेत असतो.

या पट्ट्यातील मोठ्या भागाचा वापर रडारसाठी आधीपासून होत आहे. जिनिव्हा येथील २००३ च्या जागतिक रेडिओसंचार परिषदेने ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हे भाग वाय-फायसारख्या सेवांनाही खुले केले, ते रडारला उपद्रव न देण्याच्या अटीवर. त्यासाठी 'डायनॅमिक फ्रिक्वेन्सी सिलेक्शन' ही पद्धत वापरली जाते. चॅनेल वापरण्यापूर्वी ६० सेकंद ऐकायचे, वापरात असताना रडारचे स्पंद आढळल्यास १० सेकंदांत ते सोडायचे आणि पुढील ३० मिनिटे तेथे फिरकायचे नाही. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ या हवामान रडारच्या भागात तर आधी १० मिनिटे ऐकावे लागते.

एवढी खबरदारी कशासाठी? पावसाच्या थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण असतो. त्याच चॅनेलवर जवळून येणारा संदेश त्याला सहज झाकोळून टाकतो आणि रडारच्या पडद्यावर केंद्रापासून कडेपर्यंत सरळ पट्टा उमटतो. त्या दिशेचे वादळ दिसेनासे होऊ शकते. अमेरिकेत डॅलस विमानतळाजवळ २ ऑगस्ट १९८५ रोजी डेल्टा कंपनीचे विमान वादळातील जोरदार अधोगामी झोतात सापडून कोसळले आणि १३७ जण दगावले. असे झोत टिपण्यासाठीच तेथील अनेक विमानतळांजवळ पुढे खास हवामान रडार बसविण्यात आली.

पोर्तो रिकोतील सान हुआन येथील अशाच रडारमध्ये २००९ मध्ये व्यत्यय आढळला. इंटरनेट पुरविण्यासाठी उघड्यावर, उंचावर बसविलेली बिनतारी उपकरणे त्यास कारणीभूत होती. अशा प्रकरणांत काही ठिकाणी रडार ओळखण्याची सोय चक्क बंद ठेवलेली आढळली. दोष पद्धतीचा कमी, ती गुंडाळून ठेवणाऱ्यांचा अधिक! अमेरिकी दूरसंचार आयोगाने दंड ठोठावले आणि नंतर अशी सोय वापरकर्त्याला बंद करता येऊ नये, असे बंधन उत्पादकांवर घातले. कॅनडाने ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झचा भाग वाय-फायला दिलाच नाही.

भारतात पाच गिगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. मात्र इतरांना व्यत्यय आणायचा नाही आणि स्वतःला झालेल्या व्यत्ययापासून संरक्षण मागायचे नाही, ही अट त्यालाही लागू आहे.