ग्रीन कार्ड हातात, पण घर कोणत्या देशात?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, की पुढच्या काही वर्षांत आईवडिलांच्या ग्रीन कार्डाचा विषय निघतोच. नागरिकाचे वय २१ वर्षे पूर्ण असेल, तर आईवडिलांच्या अर्जांना वार्षिक संख्येची मर्यादा नसते; त्यामुळे भावंडांच्या अर्जांसारखी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा त्यांच्या वाट्याला येत नाही. कार्ड येते. पहिला हिवाळा न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये खिडकीतून बर्फ पाहण्यात सरतो आणि मग पुण्याची, ठाण्याची, नाशिकची ओढ लागते. इथे घर आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत, सकाळी फिरायला जाण्याची मंडळी आहेत. हळूहळू प्रघात पडतो : दहा-अकरा महिने इथे आणि महिनाभर तिथे. 'वर्षातून एकदा पाय लावून यायचे, कार्ड टिकते,' हा सल्ला ज्येष्ठांच्या कट्ट्यापासून ट्रॅव्हल एजंटच्या कार्यालयापर्यंत सर्वत्र मिळतो.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. त्याची परीक्षा बहुधा विमानतळावर, अठरा-वीस तासांच्या प्रवासानंतर आणि जवळ कोणी नसताना होते.

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत फार पूर्वीच लागलेला आहे. तेथील स्थलांतरविषयक अपील मंडळाने १९७५ मध्ये जमैकातील एका महिलेच्या प्रकरणात निर्णय दिला. ही महिला वर्षातील अकरा महिने मायदेशी राहून तेथे आपले लॉजिंग चालवीत असे आणि दर्जा टिकवण्यासाठी वर्षातून सुमारे एक महिना अमेरिकेत जात असे. तिने एकही वर्ष चुकवले नव्हते. तरीही तिने कायम निवासाचा हक्क सोडून दिला आहे, असे मंडळाने ठरवले. आपल्याकडील कट्ट्यावरच्या कायदेपंडितांनी हे प्रकरण अवश्य ध्यानात ठेवावे.

यामागील तर्क सरळ आहे. कायम निवासी व्यक्तीला परदेशी जाता येते. परंतु ते जाणे 'तात्पुरते' असले पाहिजे. एखादे काम, आजारपण, घराची विक्री, मुलीचे बाळंतपण असे निश्चित कारण असावे आणि ते संपताच परतण्याचा उद्देश असावा. उद्देश मनात असतो. अधिकारी तो वागणुकीवरून ओळखतो. अमेरिकेतील पत्ता, बँक खाते, वाहन परवाना, कुटुंबीय, नोकरी, विवरणपत्रे हे सारे एका पारड्यात. पुण्यातील चालू व्यवसाय, राहते घर आणि केवळ महिन्याभराचे परतीचे तिकीट दुसऱ्या पारड्यात. परतीचे तिकीट मुंबईहून सुरू होऊन मुंबईतच संपत असेल, तर अधिकाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहणारच.

सहा महिने आणि एक वर्ष

मग सहा महिने आणि एक वर्ष हे आकडे आले कुठून? दोन्ही खरे आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. सलग १८० दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिलेल्या कार्डधारकास परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखे तपासता येते. म्हणून चौकशी अधिक कडक होते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास केवळ कार्ड हे प्रवेशासाठी पुरेसे कागदपत्र राहत नाही आणि विमान कंपनी मुंबईतच अडवू शकते. याचा अर्थ वर्षाच्या आत परतले म्हणजे दर्जा सुरक्षित, असा मात्र नाही. तसेच कार्डावर छापलेली दहा वर्षांची मुदत ही प्लॅस्टिकच्या तुकड्याची मुदत आहे. कार्डाची मुदत संपली म्हणून दर्जा जात नाही आणि मुदत शिल्लक आहे म्हणून तो टिकतोच असेही नाही.

दीर्घ काळ भारतात राहावे लागणार हे आधीच ठाऊक असेल, तर 'री-एंट्री परमिट' हा योग्य मार्ग. त्यासाठीचा आय-१३१ हा अर्ज अमेरिकेच्या भूमीवर असतानाच करावा लागतो. पुण्यात बसून तो करता येत नाही, ही अनेकांना उशिरा कळणारी गोष्ट. बोटांचे ठसे देण्याची वेळ काही आठवड्यांनी येऊ शकते, त्यामुळे परतीचे तिकीट घाईने काढू नये. तयार परमिट परदेशातील अमेरिकी वकिलातीकडे पाठवण्याची विनंती अर्जातच करता येते. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. कायम निवासी झाल्यानंतर मागील पाच वर्षांपैकी चारहून अधिक वर्षे बाहेर गेली असतील, तर साधारणपणे एकाच वर्षाचे मिळते. परमिट असले, की केवळ गैरहजेरीच्या लांबीवरून दर्जा सोडल्याचे ठरवता येत नाही. पण इतर प्रश्न विचारण्यास अधिकारी मोकळा असतो.

परमिटही नाही आणि वर्षही उलटले, तर उरतो एसबी-१ अर्थात परतणाऱ्या निवाशाचा व्हिसा. वकिलातीत डीएस-११७ हा अर्ज भरून आपण परतण्याच्या इराद्यानेच निघालो होतो, तो इरादा कधी सोडला नाही आणि मुक्काम लांबण्याचे कारण आपल्या हातात नव्हते, हे पटवून द्यावे लागते. गंभीर आजार, अपघात, २०२० मध्ये बंद पडलेली विमानसेवा ही अशी कारणे. 'तिकडे करमत नव्हते' हे कारण कितीही प्रामाणिक असले, तरी येथे चालत नाही.

विमानतळावरील कागद

२०२५ च्या सुरुवातीस, हिवाळा भारतात घालवून परतणाऱ्या ज्येष्ठ कार्डधारकांची कसून चौकशी होत असल्याच्या आणि त्यांच्यावर आय-४०७ या अर्जावर सही करण्यासाठी दबाव येत असल्याच्या बातम्या माध्यमांतून आल्या. आय-४०७ म्हणजे 'मी कायम निवासाचा दर्जा स्वेच्छेने सोडत आहे' असे लिहून देणे. यातील 'स्वेच्छेने' हा शब्द महत्त्वाचा. सही करण्याची सक्ती करता येत नाही. कार्डधारकाला स्थलांतर न्यायाधीशासमोर सुनावणी मागण्याचा हक्क आहे आणि तेथे दर्जा सोडल्याचे स्पष्ट, निःसंदिग्ध व पटण्याजोग्या पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. अंतिम निर्णय होईपर्यंत दर्जा कायम राहतो. कार्ड काढून घेतले, तरी त्याऐवजी दर्जाचा दुसरा पुरावा मागता येतो. सही केल्यावर मात्र हे सारे फार अवघड होऊन बसते.

म्हणून आईवडिलांना विमानात बसवताना लोणच्याच्या बरण्यांबरोबर दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात : न समजलेल्या कागदावर सही करायची नाही आणि 'मला न्यायाधीशांपुढे सुनावणी हवी आहे' हे वाक्य इंग्रजीत पाठ करायचे. भारतात राहण्याचे कारण दाखवणारी कागदपत्रे, उदाहरणार्थ रुग्णालयाची बिले, हाताशी असावीत.

प्राप्तिकराकडे तर आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. ग्रीन कार्डधारकाने जगभरातील उत्पन्न अमेरिकी विवरणपत्रात दाखवायचे असते; निवृत्तिवेतन, मुदतठेवींचे व्याज, फ्लॅटचे भाडे सर्व काही. परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. कर वाचवण्यासाठी 'अनिवासी' म्हणून विवरणपत्र भरणे म्हणजे दर्जा सोडल्याचा पुरावा स्वतःच्या हाताने देणे. कार्ड कपाटात पडून राहिले म्हणून ही जबाबदारी आपोआप संपत नाही. पंधरापैकी आठ वर्षे कार्ड बाळगलेल्यांनी ते परत करण्यापूर्वी करसल्लागाराला जरूर भेटावे.

नागरिकत्व घेतले, की बाहेर राहण्याचा प्रश्न मिटतो. मात्र त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे सलग वास्तव्य आणि त्यात प्रत्यक्ष ३० महिने अमेरिकेत उपस्थिती लागते. सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी हे सातत्य धोक्यात आणते. वर्षाची गैरहजेरी, परमिट असले तरी, ते तोडते. आणि भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय कार्डावर मायदेशी राहणे प्रत्येकाच्या मनाला रुचतेच असे नाही.

इतर देशांचे नियम निदान आकड्यांत मोजता येतात. कॅनडात दर पाच वर्षांत ७३० दिवस. ब्रिटनमध्ये अनिश्चित कालावधीचा निवास परवाना सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिल्यास सामान्यतः रद्द होतो. ऑस्ट्रेलियात निवासाचा हक्क कायम असला, तरी ये-जा करण्याची मुभा पाच वर्षांची असते आणि पुढे परतीचा व्हिसा घ्यावा लागतो. अमेरिकेनेच तेवढे मोजमाप अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडले आहे.

ज्यांना खरोखर भारतातच राहायचे आहे, त्यांनी दरवर्षी धाकधुकीत प्रवास करण्यापेक्षा आय-४०७ शांतपणे, घरी बसून भरावा आणि भेटीसाठी पर्यटक व्हिसा मागावा, हे अधिक शहाणपणाचे. तो व्हिसा मिळेलच याची हमी नसते. पण स्वखुशीने परत केलेले कार्ड त्या अर्जात सहसा आड येत नाही. पुढे विचार बदलला, तर मुलाला किंवा मुलीला पुन्हा अर्ज करता येतो, अर्थात साऱ्या पायऱ्या पहिल्यापासून चढून. आय-४०७ टपालाने अमेरिकेतील स्थलांतर कार्यालयाकडे जातो. त्याची प्रत आणि पोच जपून ठेवावी, कारण व्हिसाच्या मुलाखतीत ती मागितली जाऊ शकते.