फेणीतला फेस कोणता?

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, बोंडूंचा रस आंबवून भाटीवर गाळला जाऊ लागला, २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं; इथवर सगळे एकमत आहेत. फेणी हे नाव ‘फेण’ म्हणजे फेसावरून पडलं, हेही बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो फेस कोणता, यावर. रस आंबताना वर येतो तोच हा फेस, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. ताडी आंबतानाही फेसाळते, माडाची सूरही फेसाळते, आणि पहिल्या गाळपाचा सौम्य हुर्राकही त्याच आंबलेल्या रसाचा असतो. मग फेसाचं नाव पुन्हा गाळलेल्या कडक दारूलाच का चिकटावं? सगळ्यांत सारख्या असलेल्या खुणेवरून एकट्याला वेगळं नाव पडत नाही.

फेस असा शोधायला हवा, जो फक्त कडक दारूतच दिसतो. असा फेस आहे. कडक दारू उंचावरून वाटीत सोडली, की कडेला बारीक मण्यांची माळ धरते आणि थोडा वेळ टिकते. दारूत पाणी जास्त असेल तर मणी पटकन फुटतात. अल्कोहोल फार चढलं तरी फुटतात. ते सर्वांत जास्त टिकतात ते अल्कोहोल साधारण निम्मं असताना. मेक्सिकोत मेझ्काल गाळणारे या बुडबुड्यांना मोती म्हणतात, फ्रान्समधले ब्रँडीवाले जपमाळ. भाटीवर या खुणेचं मोल मोठं होतं. धार सुरुवातीला कडक असते आणि मग उतरत जाते. ती कुठे तोडायची आणि कशात काय मिसळायचं, यावरच सगळा माल ठरतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाच्या दारूबद्दल हेच नोंदवलं आहे. भिजवलेली चिंधी पेटेल इतक्या कडक भागाला ‘फुला’ म्हणजे फूल म्हणत. उरलेल्याला ‘ओर्राका’, आणि त्यात थोडं फूल मिसळत. त्यांच्या या नोंदीत फेणी हा शब्द नाही, आणि माझ्या मताविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप हाच आहे. पण परीक्षेत उतरलेल्या कडकपणावरून एकाच भाटीच्या मालाला दोन नावं देण्याची रीत तिथे स्पष्ट दिसते. सौम्याचं नाव हुर्राक म्हणून आजवर टिकलं. कडकाचं बदललं, फुलाच्या जागी फेण आलं असावं, असं मी मानतो. सुतरफेणी पाहता फेणापासून वस्तूचं नाव घडणं आपल्या भाषांना नवं नाही.

या तर्काला खरा आधार मिळतो तो ‘ग्राव’मुळे. गोव्यात फेणीचा कडकपणा ग्रावांत सांगतात, आणि चांगली फेणी १९-२० ग्रावांची मानतात. ग्राव म्हणजे पोर्तुगीज ‘ग्राउ’, अंश. आणि हे अंश मूळचे कार्तिए या फ्रेंच माणसाच्या मोजकाठीवरचे. ही काचेची काठी दारूत सोडायची. दारू जितकी कडक तितकी ती खोल बुडते. शुद्ध पाण्यात ती १० दाखवते. फ्रेंच व्यापारात कार्तिएचा १९वा अंश म्हणजे ‘हॉलंडची कसोटी’, साधारण निम्मं अल्कोहोल, जवळपास तीच पातळी जिथे मण्यांची माळ सर्वांत जास्त टिकते. फेस आणि काठी एकाच ठिकाणी बोट ठेवतात. यावर कोणी म्हणेल, बाटलीवर तर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. पण कार्तिएची काठी युरोपातल्या गार हवेसाठी आखलेली आहे. गोव्याच्या उकाड्यात दारू विरळ होते, काठी जास्त बुडते आणि खऱ्यापेक्षा चढा आकडा दाखवते. म्हणून तिथे १९ दिसत असताना खरं प्रमाण पंचेचाळिशीच्या आसपास असू शकतं, आणि त्या कडकपणालाही माळ धरतेच.

म्हणून फेणी हे माझ्या मते आंबवणाऱ्याने नव्हे, गाळणाऱ्याने दिलेलं नाव आहे. काठी आली तेव्हा तिने ही कसोटी फक्त आकड्यात मांडली. फ्रान्सने १८२४ साली कार्तिएच्या अंशांऐवजी गे-ल्युसाक या शास्त्रज्ञाचं शेकडेवारीचं माप सरकारी केलं. गोव्यातले फेणीवाले आजही ग्रावच विचारतात.