फड पद्धती

फड पद्धती : नदीवर लहान बंधारा घालून गावाच्या सामूहिक व्यवस्थेने चालविली जाणारी पारंपरिक सिंचनपद्धती. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नासिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांच्या खोऱ्यांत ती मुख्यत्वे आढळते. ती सु. तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीची असावी, असे मानले जाते.

बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने व पुढे चाऱ्यांनी शेतांत केवळ उताराच्या आधारे पोहोचते. जादा पाणी सांडीवाटे पुन्हा नदीत जाऊन खालच्या बंधाऱ्यास मिळते. भिजणाऱ्या क्षेत्राचे सामान्यतः चार विभाग पाडतात. त्यांस फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते व ऊस, हंगामी पिके आणि पडीत यांची फडांतून फेरपालट होते. त्यामुळे पाणी एकाच वेळी देता येते व जमिनीचा कसही टिकतो.

नदीतील पाण्याचा अंदाज घेऊन त्या वर्षी किती फड भिजवावयाचे, हे गाव ठरविते. खातेदाराची जमीन साधारणतः निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने एखादा फड पडीत ठेवल्यास टंचाईचा भार सर्वांवर पडतो. मागणीप्रमाणे पाणी न शोधता पाण्याप्रमाणे पीक ठरविणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. देखरेख पंच करतात. पाणी देण्यासाठी पाटकरी, तर राखणीसाठी जागले नेमतात. पाटांची सफाई व दुरुस्ती लाभधारक करतात. मात्र फडात जमीन नसणाऱ्यांना या पाण्यात वाटा नसे, ही या व्यवस्थेची मर्यादा होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नद्यांच्या वरच्या भागांत धरणे झाली व बंधाऱ्यांचे पाणी धरणांतील विसर्गावर अवलंबून राहू लागले. विहिरी व विजेचे पंप आल्यावर खातेदारास फडाचा निर्णय पाळण्याची गरज उरली नाही. एका फडात अनेक पिके दिसू लागली आणि पंचांचा अधिकार क्षीण झाला.

जलव्यवस्थापनात पाणी वापरणाऱ्यांचा सहभाग असावा, हे तत्त्व १९९२ मध्ये डब्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मांडले. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी २००५ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. अशा संस्थांना कायद्याने अधिकार मिळतात. परंतु पाणी कमी पडल्यास क्षेत्र कमी करण्याचा निर्णय सर्वांनी मान्य करणे, हा फड पद्धतीचा खरा आधार होता.