विमानबांधणीचा इतिहास आणि कंपनाचा पुरावा

हौशी विमानकर्त्याचा खरा झगडा बहुधा जमिनीवरच होतो. ५ नोव्हेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी इंजिन चालविले, तेव्हा ते अडखळून बसलेल्या हिसक्यांनी प्रॉपेलरचे पोकळ दांडे निखळले. दुरुस्तीनंतर २८ नोव्हेंबरला एका दांड्यास चीर आढळली. भरीव पोलादी दांडे बसविल्यावरच १७ डिसेंबरचे उड्डाण साधले.

कंपनाचे निदान त्याच्या वारंवारतेवरून करतात. प्रॉपेलर असमतोल असल्यास प्रत्येक फेरीस एक हिसका बसतो. फोर-स्ट्रोक इंजिनाचे एखादे सिलिंडर निकामी झाल्यास दोन फेऱ्यांमागे एक.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत विमान उडविल्याची कथा रूढ आहे. चाचणी, बिघाड वा दुरुस्ती यांची विश्वसनीय समकालीन नोंद मात्र तिच्यामागे नाही. याउलट कॅप्टन अमोल यादव यांच्या, मुंबईतील गच्चीवर बांधलेल्या विमानास २०१७ मध्ये नोंदणी व २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणाचा परवाना मिळाला. त्याचा मागोवा कागदोपत्री घेता येतो.

अकोला-अमरावतीकडे अशा प्रयोगाची आठवण कोणी सांगितल्यास, अभ्यासकाने उड्डाणाच्या उंचीपूर्वी इंजिनाच्या बिघाडांची चौकशी करावी. कल्पित कथेत दांडे सहसा मोडत नाहीत.