ग्वारीघाटची सांज आणि कॅमेरा

जबलपूरच्या राइट टाउनमधून दक्षिणेला निघाले की काही किलोमीटरवर नर्मदेचा ग्वारीघाट लागतो. सांजवेळी तिथला फोटो घेणे आज अगदी सोपे आहे. पण जुन्या कॅमेऱ्याला हीच वेळ सर्वांत कठीण होती.

1870 साली मुंबई आणि अलाहाबाद या दोन्हीकडून आलेले लोहमार्ग जबलपूरला जुळले आणि सामानसुमानासह येथे पोहोचणे सोयीचे झाले. त्या काळी चलती होती ओल्या कलोडियनची. 1851 साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे. एक्स्पोजर कित्येक सेकंदांचे, त्यामुळे वाहते पाणी धुक्यासारखे उमटे आणि हलणारी माणसे पुसट होत. खरी अडचण मात्र रंगाची होती. ही काच निळा प्रकाश टिपे, तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. म्हणजे डोळ्यांना दिपवणारे केशरी आकाश तिच्यावर काळवंडून जाई! विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंगांना दाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या, तेव्हा ही उणीव भरून निघाली.

आता आरतीच्या वेळी द्रोणातले दिवे पाण्यावर सोडले जातात. कॅमेरा तिवईवर ठेवून दोन-तीन सेकंद झडप उघडी ठेवली, की प्रत्येक दिव्यामागे सोनेरी रेघ उमटते. जुन्या छायाचित्रकारांना नकोशी वाटणारी तीच हालचाल इथे चित्राचा प्राण ठरते.