गावकुसाबाहेरचे आरोग्य : मरीआईपासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत

१

आरोग्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा औषधांचा, डॉक्टरांचा आणि इमारतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणती लस कधी आली, कोणते इस्पितळ कोणी बांधले, एवढी नोंद झाली की इतिहासकाराचे काम संपते. रोग्याचा इतिहास मात्र निराळा असतो. आणि तो रोगी गावकुसाबाहेरचा असेल तर त्याच्यापुढे औषधाच्या आधी तीन प्रश्न उभे राहतात : मला आत येऊ देतील का? पैसे कोण भरणार? आणि हा आजार मुळात टाळता आला नसता का?

प्रवेश, खर्च आणि प्रतिबंध हे ते तीन प्रश्न. मराठवाड्यातील, विशेषतः मुखेड, कंधार, अहमदपूर या डोंगरपट्ट्यातील दलित-श्रमिकांच्या मनात या प्रश्नांची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे लोक अंधश्रद्ध आहेत म्हणून डॉक्टरकडे जात नाहीत, असा एक सोपा सिद्धान्त सुशिक्षितांच्या बैठकीत नेहमी ऐकू येतो. इतिहास वेगळेच सांगतो. दवाखान्याचे दार बंद होते तेव्हा देवीचे देऊळ उघडे होते.

२

मराठी भाषेनेच या मानसिकतेची साक्ष जपून ठेवली आहे. देवीचा रोग आपण ‘देवी’ म्हणूनच ओळखला आणि त्याची लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ म्हटले. पटकी आली की मरीआईचा कोप झाला असे समजून तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. म्हणजे रोग घालवायचा नाही, तर पुढच्या गावच्या हद्दीत ढकलायचा. या विधीत राबणारा पोतराज अस्पृश्य, मेलेले जनावर ओढणारा अस्पृश्य, मर्तिकाचा सांगावा घेऊन दुसऱ्या गावी जाणारा येसकर अस्पृश्य. सवर्णांच्या घरातील बाळाची नाळ कापणारी सुईण पुष्कळ ठिकाणी मांगवाड्यातलीच. गावाची सगळी घाण आणि सगळा संसर्ग ज्यांच्या अंगावर टाकला, त्यांनाच गावाने अशुद्ध ठरवले. आरोग्याची ही बलुतेदारी होती. तिच्यात सेवा करण्याचे कर्तव्य होते, सेवा मिळण्याचा हक्क नव्हता.

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही म्हटल्यावर माणूस कुठले पाणी पिणार? ओढ्यात झरा उकरायचा, डबक्यातले गाळून घ्यायचे, नाहीतर कोणी वरून ओतेपर्यंत ताटकळत बसायचे. पटकी, हगवण, विषमज्वर हे पाण्यातून येणारे रोग. नारूचा जंतही पायऱ्यांच्या विहिरीतून, माणूस ज्या पाण्यात पाय बुडवतो तेच पाणी पिण्यातून पसरतो. महाराष्ट्र हा नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशव्यापी निर्मूलनाची मोहीम १९८० नंतर सुरू झाली आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी गाळणे, विहिरी सुधारणे आणि नारू झालेल्याने पाण्यात न उतरणे एवढ्यानेच तो गेला. शुद्ध पाण्याचा हक्क हीच पहिली लस असते, हे यातून सिद्ध होते.

३

१८९७ हे साल या दृष्टीने फार बोलके आहे. मुंबईत प्लेग आला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारीत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. ऑगस्टमध्ये निजामी मुलखातल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्यासाठी हुसेन खान नावाचा एक गरीब माणूस डासामागे एक आणा घेऊन स्वतःचे अंग डासांना देत होता. विज्ञानाच्या इतिहासात रॉस यांना नोबेल मिळाले आणि हुसेन खानाची मजुरी तळटीपेत गेली.

त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झडत्या घेणाऱ्या सोजिरांविरुद्ध संताप उसळला आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पाठ्यपुस्तकात हे सविस्तर येते. पण त्याआधी १० मार्चला याच प्लेगने सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथे आल्या आणि त्यांनाही लागण झाली. सरकारी झडतीने लोक भेदरले होते, परंतु सावित्रीबाईंच्या दवाखान्यात कोणाला सोजिराने ओढून न्यावे लागले नाही. माणूस विश्वास ठेवतो तो स्पर्श करणाऱ्यावर. प्लेगच्या इतिहासातून एवढा धडा घेतला असता तर पुढची शंभर वर्षे ‘लोक सहकार्य करीत नाहीत’ अशी तक्रार करण्याची पाळी आरोग्य खात्यावर आली नसती.

४

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या यांच्याबरोबर सरकारी दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत असे त्यात म्हटले होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच ठरावात दवाखान्याचा उल्लेख होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही.

दवाखाना खुला असणे म्हणजे काय, हे काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाच्या पत्रावरून कळते. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त ते प्रसिद्ध झाले आणि बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत ते जसेच्या तसे नोंदवले. बायको बाळंतीण, तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठची भीड घालून, दोन रुपये फी भरून तो आला, तोही वस्तीच्या बाहेर उभा राहिला. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. लांबूनच निदान झाले. बाई दगावली. तिच्या नवऱ्याचे दोन रुपये डॉक्टरच्या हाताला विटाळले नाहीत. बाजारात पैशाला जात नसते, आणि तरीही पैसा भरून जात चुकवता येत नाही, हे त्या दोन रुपयांनी शिकवले.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश केला. त्याकडे आपण केवळ स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून पाहतो. तो आरोग्याचाही प्रश्न होता. १९५६ च्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मरीआईचा गाडा ओढणे, पोतराजकी सोडणे, मृत मांस नाकारणे ही आमच्या वस्त्यांतील पहिली आरोग्य-चळवळ होती. ती कोणत्याही खात्याने राबवली नव्हती. लोकांनी ती स्वतः, अनेकदा बहिष्कार सोसून राबवली.

५

खर्चाचा प्रश्नही बाबासाहेबांनी लवकर हाताळला. १९२८ साली मुंबई कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाचा भार राष्ट्राने उचलला पाहिजे आणि मालकानेही तो नाकारता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाची साधने सरकारने उपलब्ध करावीत असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला, तो फेटाळला गेला. मजूरमंत्री म्हणून त्यांच्या कारकीर्दीत, १९४४ साली, अडारकर यांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला.

ही जगभरच मंथनाची वर्षे होती. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये १९४५ च्या ऑक्टोबरात सामाजिक सुरक्षेचे वटहुकूम निघाले, तर ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आजारपण हे व्यक्तीचे दुर्दैव नसून समाजाची जबाबदारी आहे, ही कल्पना तिथल्या कामगारांच्या अंगवळणी पडली. आमच्याकडे तोच विचार आला, पण कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. शेतमजूर, ऊसतोड्या, वीटभट्टीवरचा मजूर बाहेरच राहिला, आणि बाहेर राहिलेल्यांत दलित किती होते हे वेगळे सांगायला नको. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले खरे, परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याच्या पाचव्या कलमाने दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा झाला. दार कायद्याने उघडले. दाराच्या आत डॉक्टर असेल याची हमी मात्र कोणत्याच कलमाने दिली नाही.

६

मुखेडचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. मोठे इस्पितळ म्हणजे हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे दुसरे जग. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आले, नांदेडला १९८८ मध्ये. दरम्यान देवी टोचणारे दारोदार फिरले. मे १९७५ मध्ये देशातील देवीचा शेवटचा रोगी सापडला. सरकार गरिबाच्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. परंतु वस्तीचा दवाखान्याकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. गावच वैरी झाले तर तालुक्याच्या दवाखान्याचा काय उपयोग, हा प्रश्न तेव्हा केवळ तात्त्विक राहिला नव्हता.

याच काळात काही वेगळे प्रयोगही झाले. मराठवाड्याच्या सीमेवर जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू करून निरक्षर खेडूत बायकांना आरोग्यसेविका बनवले. त्यांत दलित स्त्रिया होत्या. ज्या हातचे पाणी चालत नव्हते त्या हाताने बाळंतपणे होऊ लागली, बाळांचे वजन होऊ लागले. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावसकर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रोग्यांपाशी रात्रंदिवस बसले आणि त्यांचे उपचारसंशोधन ‘लॅन्सेट’पर्यंत पोचले.

खुद्द मुखेडमध्ये डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचाराचे काम उभे केले. दहा वर्षांच्या अनुभवावरचा त्यांचा लेख २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाला. सर्पदंश हा काही सर्वांना सारखाच होणारा अपघात नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा त्याला कळतही नाही. घोणस अनवाणी कापणी करणाऱ्याच्या पायाला डसते. ज्याला खाट नाही, बूट नाही, बॅटरी नाही, त्याचा हा रोग. पूर्वी अशा माणसाला मारुतीच्या पारावर नेत, कडुनिंबाचा पाला खायला घालत, मांत्रिक बोलावत. साप बिनविषारी असला की मांत्रिकाचा मंत्र चाले आणि विषारी असला की नशीब फिरे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारींवरची प्रतिविषलस देऊन माणसे उठून बसू लागली, तेव्हा कोणाच्याही व्याख्यानाशिवाय मांत्रिकाची गर्दी ओसरू लागली. जवळ, वेळेवर आणि परवडेल असा उपचार मिळाला की श्रद्धा आपली वाट बदलते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

७

प्रवेशाचा प्रश्न थोडा सुटला तोच खर्चाचा प्रश्न छातीवर बसला. १९८३ नंतर विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांना महाराष्ट्रात मोकळे रान मिळाले. डॉक्टर होणे ही गुंतवणूक झाली आणि रोगी हे तिचे व्याज. लातूरच्या शिकवण्यांतून दरवर्षी भावी डॉक्टरांचे तांडे बाहेर पडतात, पण शेजारच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटेलच याचा भरवसा नसतो. रोगी पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या ‘कट’विरुद्ध २०१३ मध्ये डॉ. बावसकरांनी उघड तक्रार केली, तेव्हा बाहेर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आतल्या माणसाने बोलून दाखवली.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. हृदयाच्या शस्त्रक्रिया, डायलिसिस असे उपचार गरिबाला मिळू लागले, हे नाकारण्याचे कारण नाही. माणसे आता देवाला नवस बोलण्याआधी रेशनकार्ड शोधतात, हेही मोठेच स्थित्यंतर आहे. पण योजना शस्त्रक्रियेची आहे, तापाची नाही. ज्या तापाने, खोकल्याने, अशक्तपणाने मजुराची रोजी बुडते, त्याचा खर्च अजून त्याच्याच कनवटीचा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे उदाहरण घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयत्याचा हिशेब जोडीने, एक दिवस खाडा पडला की दंड. पाळीच्या दिवसांत रजा नाही, फडात पाणी नाही, आडोसा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. साध्या स्वच्छतेने, विश्रांतीने, वेळच्या औषधाने जे टळले असते त्यावर शस्त्रक्रिया झाली. प्रतिबंध परवडत नाही म्हणून उपचार विकत घ्यायचा, असे हे उलटे अर्थशास्त्र आहे. मुखेड-कंधारच्या तांड्यांतून आणि वस्त्यांतून याच फडांवर माणसे जातात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. दीड महिन्यातच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. हे रुग्णालय वेगळ्या खात्याचे, म्हणून प्रश्न वेगळा होत नाही. मुखेड, देगलूर, बिलोलीचा गरीब शेवटी तिथेच पोचतो. पाहणीला आलेल्या एका खासदाराने आदिवासी समाजातील अधिष्ठात्याला शौचालय साफ करायला लावले आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. मनुष्यबळ, औषधे, खाटा यांचा हिशेब बाजूला पडला, आणि व्यवस्थेचा राग व्यक्त करण्यासाठी पुन्हा झाडूच आठवला. झाडू कोणाच्या हाती द्यावासा वाटतो, याची निवड इतिहासाने आधीच करून ठेवलेली असते.

८

या सव्वाशे वर्षांत आमच्या लोकांची वृत्ती बदलली नाही, असे कोण म्हणेल? कोपाची जागा कारणाने घेतली, भिडेची जागा हक्काने घेतली. बदलायचे राहिले आहे ते समोरचे. म्हणून कार्यकर्त्यांनी आरोग्याला ‘सामाजिक कार्य’ न समजता चळवळीचा भाग समजावे. ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा दाखला मागावा, उपकेंद्रात प्रतिविषलस आहे का हे पावसाळ्याआधी विचारावे, आशा कार्यकर्तीच्या मानधनाचा प्रश्न आपला समजावा, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला फडावर पाणी आणि आडोसा मिळवून द्यावा. शिक्षकांनी चवदार तळ्याचा धडा शिकवताना तो स्वातंत्र्याचा तसाच आरोग्याचाही धडा आहे हे सांगावे.

फुल्यांचे नाव योजनेला देणे सोपे आहे. त्या घरातल्या बाईने आजारी मुलाला पाठीवर घेताना त्याचे कार्ड पिवळे की केशरी हे विचारले नव्हते. तेवढे न विचारणारी व्यवस्था मागण्याचा आम्हाला अधिकार आहे, आणि ती मिळेपर्यंत दवाखान्याच्या रांगेत केवळ रोगी म्हणून नव्हे, नागरिक म्हणून उभे राहणे हे आमचे काम आहे.