काळ्या फत्तराची साक्ष

परभणी जिल्ह्यांतील चारठाणा येथील जुन्या देवालयांचें शिल्प पाहून इतिहासकार राजवटींचे काळ ठरवितात. पण ज्या काळ्या फत्तरांत तें शिल्प कोरलें, त्याचा स्वतःचा इतिहास सर्व राजवटींहून जुना आहे.

सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. परभणी जिल्हा त्याच थरांवर वसला आहे. या खडकांत मॅग्नेटाइट आणि टायटेनियममिश्रित लोहखनिजें यांचे सूक्ष्म कण असतात. हीं मिश्र खनिजें वीज वाहून नेण्याच्या बाबतींत अर्धवाहक, तरीही चुंबकत्व धारण करणारीं आहेत.

या चुंबकत्वाचें मूळ इलेक्ट्रॉनांत आहे. इलेक्ट्रॉनाला ‘स्पिन’ हा अंगभूत गुण असतो, ही कल्पना 1925 सालीं उलेनबेक व गाउडस्मिट यांनीं मांडली. त्या गुणामुळें प्रत्येक इलेक्ट्रॉन जणुं इवलासा लोहचुंबक ठरतो. तप्त लाव्हांत या चुंबकांना शिस्त नसते. मॅग्नेटाइट सुमारें 580 अंश सेंटिग्रेडच्या खालीं निवालें, कीं शाळेची घंटा होतांच मुलांनीं रांगा धराव्या तसें घडतें. दोन रांगा परस्परांकडे पाठ करून उभ्या राहतात. त्यांपैकीं मोठीचा प्रभाव उरतो, आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची तत्कालीन दिशा खडकांत कायम होते.

खंडें सरकतात, हें वेगेनर यांचें 1912 सालचें मत बहुतेक भूशास्त्रज्ञांनीं अमान्य केलें होतें. 1956 सालीं क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं, तर 1958 सालीं डॉइच, राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं दख्खनी खडकांच्या चुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केले. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते व ध्रुवांकडे अधिकाधिक कलते. खडकांतला कल आजच्या स्थानाशीं जुळेना; तो दक्षिण गोलार्धाचा निघाला. आज उत्तर अक्षांश 19 च्या आसपास असलेली ही भूमि तेव्हां विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती. अमान्य झालेल्या मताला दख्खनच्या फत्तरानें बळ दिलें.

मात्र खडक काढण्यापूर्वीं त्यावर उत्तरेची व पातळीची खूण करावी लागते. देवळाच्या भिंतींत बसविलेल्या चिऱ्याची मूळ दिशा हरपलेली असते. त्यामुळें त्याची साक्ष अपुरी पडते. ती पुरी मिळते, ती गांवच्या विहिरीच्या कडेला जागचा न हललेल्या खडकाकडून.